जुन्या जीपला कोणते इंजिन?

'जीप' म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे मामलेदारांची, पाटबंधारे खात्याची किंवा निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी गाडी येते. महिंद्र कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि त्या अमेरिकन लष्करी गाडीला आपण इतके आपलेसे केले, की ती परदेशी आहे हे विसरूनच गेलो. ती जीप पेट्रोलवर चाले. पेट्रोल महाग झाले तसे गावोगावच्या गॅरेजांत तिचे इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा जोरात चालू झाला. कोणी मॅटाडोरचे इंजिन बसवी, कोणी ट्रॅक्टरचे. पुढे कंपनीनेही प्यूजोचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन जीपमध्ये घातले. ही कामे करणाऱ्या मिस्त्रींपैकी कितीतरी जणांनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. पण कोणत्या गाडीत काय बसते आणि काय 'खात नाही' हे त्यांना नेमके ठाऊक होते.

सांगायचा मुद्दा असा, की जीपचे इंजिन बदलणे ही काही अमेरिकन हौशी मंडळींची मक्तेदारी नाही. फरक एवढाच, की तिकडे तो पोटापाण्याचा प्रश्न होता. इकडे तो शनिवार-रविवारचा, आणि बँकेच्या खात्याचा आहे. आमच्या मंडळातल्या तीन-चार घरांत आज जुन्या जीप आहेत. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, डॉक्टरेट कंट्रोल सिस्टिम्समधली, आणि माझ्या गॅरेजमध्ये १९८४ची सीजे-७ उभी असते. त्यामुळे "डॉक्टर, इंजिन कुठलं टाकावं हो?" हा प्रश्न मला गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही विचारला जातो. तिथे उत्तर देणे शक्य नसते, म्हणून हा लेखप्रपंच. यात उदाहरण सीजे-७चेच घेतो आहे, कारण ती मी नट-बोल्टांपर्यंत ओळखतो. ही गाडी १९७६ ते १९८६ या काळात विकली गेली, आणि तिच्यात सर्वांत जास्त आढळणारे इंजिन म्हणजे ४.२ लिटरचे, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांचे, ज्याला इकडे सगळे '२५८' म्हणतात.

हे इंजिन थकले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो अश्वशक्तीचा. ऐंशीच्या दशकातल्या २५८ची ताकद एकशे दहा-पंधरा अश्वशक्ती. आजकालच्या साध्या घरगुती मोटारीलाही याहून जास्त असते! मग कोणीतरी सांगते, की शेव्हरलेच्या ट्रकमधले ५.३ लिटरचे व्ही-८ भंगारवाल्याकडे सहज मिळते आणि त्याची ताकद पावणेतीनशेच्या पुढे आहे. झाले! मंडळी हिशेब न करताच ताडपत्री सोडतात.

तो हिशेब आपण आधी करू. इंजिन प्रत्यक्षात देते तो टॉर्क, म्हणजे पीळ. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकावर एक पौंड जोर लावला तर नटावर एक फूट-पौंड पीळ पडतो. अश्वशक्ती ही त्या पिळाला फेऱ्यांच्या वेगाने गुणून आणि ५२५२ने भागून काढलेली संख्या. आमचे २५८ दर मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास सुमारे २१० फूट-पौंड देते. गुणाकार-भागाकार केला तर तिथे अश्वशक्ती अवघी ८० निघते. पण ८० हा आकडा डोंगरातल्या दगडांवर गाडी चढेल की नाही हे सांगत नाही. ते ठरते चाकाशी पोहोचणाऱ्या पिळावर.

चाकाशी पीळ पोहोचतो तो तीन ठिकाणी वाढत वाढत: आधी गिअरबॉक्समध्ये, मग ट्रान्स्फर केसच्या 'लो'मध्ये, शेवटी धुऱ्यातल्या डिफरन्शियलमध्ये. माझ्या गाडीचे मूळचे आकडे असे: पहिला गिअर ३.५२, लो २.६२ आणि डिफरन्शियल ३.३१. गुणाकार होतो ३०.५. म्हणजे इंजिनाचे २१० फूट-पौंड चाकांपाशी सुमारे ६४०० होतात. वाटेतल्या घर्षणात पंधरा टक्के गेले असे धरले, तरी चौपन्नशे उरतात.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. सामानसुमान आणि माणसे धरून गाडीचे वजन ३५०० पौंड. टायर ३३ इंची, म्हणजे त्रिज्या १.३७५ फूट. कोरड्या खडकावर टायरची पकड जास्तीत जास्त वजनाएवढीच धरली, तर चारही चाके मिळून ३५०० गुणिले १.३७५, म्हणजे सुमारे ४८०० फूट-पौंड पीळ जमिनीला देऊ शकतात. त्याहून अधिक दिला तर चाक जागच्या जागी गरगरते, नाहीतर धुरा तुटतो. माती किंवा चिखल असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

म्हणजे १९८४ सालचे हे 'मरतुकडे' इंजिन पहिल्या लो गिअरमध्ये जमिनीला पेलवेल त्याहून जास्तच पीळ देते! ज्या आडवाटांसाठी म्हणून आपण मोठे इंजिन शोधतो आहोत, तिथे जादा ताकदीचा काडीचाही उपयोग नाही. हा हिशेब मी एकदा मंडळातल्या एका सिव्हिल इंजिनिअर मित्रांना पेपर नॅपकिनवर करून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि म्हणाले, "मग लोक बदलतात कशाला?"

बदलतात, आणि कारणेही खरी आहेत, पण ती वेगळी आहेत.

पहिले म्हणजे कार्बुरेटर. त्याच्या वाटीत पेट्रोल असते आणि त्यावर तरंगणारा फ्लोट पातळी सांभाळतो. गाडी तीस अंशांत तिरकी झाली, की ही पातळी बिघडते. एका बाजूला पेट्रोल इंजिनात सांडते, दुसऱ्या बाजूला जेट कोरडे पडते. नेमके कड्याच्या तोंडाशी इंजिन बंद पडते, आणि त्यासोबत स्टिअरिंगची मदत आणि ब्रेकचा बूस्टरही. माझी कन्या शेजारी बसलेली असताना मला ते नको होते. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली नळीतून येते, त्यामुळे गाडी कशीही कलली तरी इंजिन गुरगुरत राहते. माझ्या मते आडवाटेच्या गाडीसाठी अश्वशक्तीपेक्षा हा गुण दहापट मोलाचा. इंजिन अजून धडधाकट असेल तर २५८लाच लावायचे इंजेक्शनचे तयार संच मिळतात, आणि कित्येकांचा प्रश्न तेवढ्यावर मिटतो. पैसे वाचतात, सौ.ही खूश राहतात.

दुसरे कारण हमरस्ता. आमच्याकडून सिएरा नेवाडात जायचे तर इंटरस्टेट ८०ने सात हजार फुटांच्या वर चढावे लागते. ३५०० पौंडांची, खोक्यासारख्या अंगाची गाडी सहा टक्के चढावर ताशी ६० मैलांनी न्यायची, तर चढ, वारा आणि टायरचे घर्षण मिळून इंजिनाकडे सुमारे ७५ अश्वशक्तीची मागणी होते. विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे ११२चे राहतात नव्वदच्या आत, तेही इंजिन नवे असेल तर आणि ते जोरात पळवले तर. चाळीस वर्षे जुने, इंजिनकाम निघालेले २५८ तिथे धापा टाकते आणि मागे ट्रकवाले हॉर्न वाजवतात. अश्वशक्ती हवी ती इथे. पण किती? १९० अश्वशक्तीचे इंजिन त्या उंचीवर दीडशे देईल, म्हणजे गरजेच्या दुप्पट. पावणेतीनशेचे सव्वादोनशेच्या आसपास देईल. त्या जादा पाऊणशेचे ओझे मात्र क्लचपासून मागच्या धुऱ्यापर्यंत सगळ्यांना वाहावे लागेल. सीजे-७च्या मागच्या धुऱ्याचा दांडा आणि चाकाचा हब मूळचे दोन वेगळे तुकडे आहेत, एका चावीने आणि नटाने एकत्र धरलेले. व्ही-८ बसवणारे बहुतेक जण पुढच्याच वर्षी धुरा बदलतात. मग ब्रेक, मग रेडिएटर. भाजीला मीठ जास्त झाले म्हणून पाणी, आणि पाणी जास्त झाले म्हणून बेसन, तशातला प्रकार!

जाता जाता एक सावधगिरी. जुन्या जाहिरातींतले आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. १९७२च्या आधी अमेरिकन कंपन्या पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर न जोडता टेबलावर मोजलेली ढोबळ अश्वशक्ती छापत. त्यामुळे १९७०च्या शेव्हरले ३५०चे 'तीनशे' म्हणजे आजचे तीनशे नव्हेत.

व्ही-८ला मी सरसकट नावे ठेवतो असे नाही. सरळ सहा सिलिंडरांपेक्षा ते लांबीला आखूड असते, त्यामुळे सीजे-५सारख्या बुटक्या गाडीत मागे लांब गिअरबॉक्सला जागा मिळते. शेव्हरलेचे ५.३ लिटरचे इंजिन १९९९पासून लाखो ट्रकांत बसले, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. ज्यांना मागे नाव किंवा ट्रेलर ओढायचा आहे आणि धुरे बदलायची तयारी आहे, त्यांनी ते खुशाल घ्यावे. तेच शेव्हरलेचे ४.३ लिटरचे व्ही-६, जे म्हणजे ३५०मधून दोन सिलिंडर वजा केलेले भावंड, जागेच्या आणि वजनाच्या दृष्टीने सीजेला अधिक शोभते. त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही.

डिझेलचे आकर्षण आपल्या लोकांना विशेष. कमी फेऱ्यांवर भरपूर पीळ, ठिणगीची भानगड नाही, पाण्यातून जाताना प्लग भिजण्याची भीती नाही. कमिन्सने २०१७च्या सुमारास खास अशा जुन्या गाड्यांसाठी २.८ लिटरचे टर्बो डिझेल बाजारात आणले, १६१ अश्वशक्तीचे. पुणेकरांना कमिन्स हे नाव कोथरूडच्या कारखान्यामुळे १९६२पासून घरचे. त्यामुळे आमच्या मंडळात त्याची वाहवा जरा जास्तच झाली. टर्बोमुळे उंचीवर ताकद फारशी घटत नाही, हा मोठा गुण. पण नुसत्या इंजिनाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात गेला, आणि जोडणीचे सामान वेगळे. स्वस्तात डिझेल हवे असणारे मर्सिडीझच्या जुन्या मोटारींतले पाच सिलिंडरांचे तीन लिटरचे ओएम-६१७ बसवतात. त्याचेच चार सिलिंडरांचे धाकटे भावंड, ओएम-६१६, पुण्याच्या बजाज टेम्पोने परवान्याने बनवले आणि मॅटाडोरमध्ये घातले. म्हणजे सॅक्रामेंटोच्या एखाद्या गॅरेजमधला गोरा तरुण जे करतो आहे, ते आमच्या नगर-सोलापूरकडच्या मिस्त्रींनी कधीच करून ठेवले होते.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात महाग पडतो तोच. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचे धोरण असे, की इंजिन बदलल्यावर ती गाडी त्याच वर्षाच्या किंवा त्यानंतरच्या एखाद्या प्रमाणित गाडीसारखी झाली पाहिजे. कॅलिफोर्निया याबाबत सर्वांत कडक. इंजिन चासीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे हवे. हलक्या गाडीत अवजड वाहनाचे इंजिन चालत नाही. आणि ज्या गाडीतून ते इंजिन काढले तिच्यातली प्रदूषण-नियंत्रणाची सगळी आयुधे, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा, सोबत यायला हवीत. हे सारे 'रेफरी' नावाचा अधिकृत तपासनीस पाहतो आणि मगच गाडीला लेबल चिकटवतो. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूरतपासणी माफ आहे. गंमत अशी, की सीजे-७चे उत्पादनच १९७६ला सुरू झाले, म्हणजे एकही सीजे-७ या सवलतीत बसत नाही!

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून १९७९ची सीजे-५ घेतली. आत आधीच बसवलेले, चकचकीत रंगवलेले ३५० इंजिन. आवाज असा की छातीत घुमावा. कॅलिफोर्नियात आणून नोंदणीला गेले तेव्हा ब्लॉकवरच्या आकड्यांवरून कळले, की इंजिन १९७२चे आहे. चासीपेक्षा सात वर्षे जुने. त्यावर कन्व्हर्टर लावा, काहीही करा, उत्तर 'नाही' हेच. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. गाडी दीड वर्ष ताडपत्रीखाली होती आणि घरात तो विषय निघाला की चहा थंड होई. शेवटी त्यांनी नियमात बसणारे ४.३ घेतले आणि ते देखणे ३५० ज्याने विचारले त्याला देऊन टाकले. म्हणून मी म्हणतो, इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांक टॉर्कच्या आकड्याआधी वाचावा. इतर राज्यांत नियम सैल असतील, पण आपली मंडळी नोकरीपायी आज टेक्सासात तर उद्या सॅन होजेत. गाडीही बरोबर येणार.

या सगळ्यातून चाळून मी माझ्या गाडीसाठी निवडले ते जीपचेच ४ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन. ते १९८७ ते २००६ पर्यंत चेरोकी, रँग्लर वगैरे गाड्यांत बसत होते. १९९१पासूनच्या आवृत्तीची ताकद १९० अश्वशक्ती आणि पीळ सव्वादोनशेच्या जवळ. मुख्य म्हणजे ते २५८च्याच घराण्यातले. बेल हाउसिंगच्या बोल्टांची जागा तीच, त्यामुळे गाडीचे पोट कापावे लागत नाही. वजनात फारसा फरक नाही, म्हणजे पुढच्या पाट्यांवर नवा भार नाही. आणि तेलाची वाटी जागेवर बसते. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण जीपचा पुढचा धुरा इंजिनाच्या खालीच असतो. ज्या इंजिनाची तेलाची वाटी पुढच्या बाजूला खोल आहे, उदाहरणार्थ फोर्डच्या मोटारींतले ३०२, ते बसवले की खड्ड्यात धुरा वर येतो आणि वाटीला भिडतो. वाटी मागच्या बाजूला खोल असलेलेच इंजिन हवे, किंवा वाटी बदलून घ्यावी.

घराण्यातले म्हणून सगळे बिनबोभाट जुळते असे मात्र नाही. चार लिटरच्या संगणकाला क्रँकशाफ्ट कुठवर फिरला हे कळवणारा सेन्सर बेल हाउसिंगवर बसतो आणि फ्लायव्हीलवरच्या खाचा मोजतो. २५८च्या फ्लायव्हीलला त्या खाचाच नाहीत. म्हणून चेरोकीचे फ्लायव्हील आणि बेल हाउसिंग दोन्ही घ्यावी लागतात. नाहीतर इंजिन नुसते घरघरते, ठिणगी पडतच नाही. कार्बुरेटरला चार-पाच पौंड दाब पुरतो, इथे चाळीसच्या आसपास लागतो; म्हणजे विजेचा पंप आणि पेट्रोल परत टाकीत नेणारी नळी आली. मात्र चेरोकीची ट्रान्स्फर केस घेऊन चालत नाही. तिच्यातून पुढचा शाफ्ट डाव्या बाजूने निघतो आणि सीजेच्या पुढच्या धुऱ्याचा गोळा उजवीकडे आहे. सीजेची मूळची केस ठेवावी; ती तशीही उत्तम आहे.

राहिली वायरिंग, म्हणजे माझा प्रांत. नव्या इंजिनातला संगणक हा इंजिनाचाच भाग समजावा. तो गाडीचा वेग विचारतो, क्लच दाबला का विचारतो, काही गाड्यांत चावी खरी आहे का हेही विचारतो, आणि उत्तर मिळाले नाही तर रुसून बसतो. व्ही-८च्या नव्या आवृत्त्यांत अ‍ॅक्सिलरेटरची तारही नाही, पेडलही विजेचे. तेव्हा पेडलासकट आणावे लागते. १९९१ ते १९९५ची चार लिटरची इंजिने मला आवडतात ती यासाठी, की त्यांचा संगणक कमी प्रश्न विचारतो. माझ्या कन्येने आणि मी दोन रविवार जमिनीवर वायरींचे जाळे पसरून एकेका वायरीला कागदी चिठ्ठी बांधली. तिने अनावश्यक वायरींच्या चिठ्ठ्यांवर 'निवृत्त' असे लिहिले होते.

गिअर न जुळवता इंजिन बदलणे म्हणजे अर्धेच काम. चार लिटरच्या जोडीचा पाच गिअरांचा बॉक्स घेतला आणि डिफरन्शियल ४.१० केले, तर पहिल्या गिअरला ३.८३ गुणिले २.६२ गुणिले ४.१०, म्हणजे ४१ हा गुणक मिळतो. ७०० फेऱ्यांवर गाडी ताशी पावणेतीन किलोमीटरने चालते, माणसाच्या चालीच्या निम्म्याने. आणि पाचव्या गिअरमध्ये ताशी ६५ मैलांना इंजिन सुमारे २१५० फेऱ्यांवर निवांत असते. इतक्या हळू चालताना रेडिएटरला वारा मिळत नाही, म्हणून पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे फेकून देऊ नये. पंखा हवा ओढतो ती त्याच्यामुळे.

इंजिन घ्यायचे तर सुटे न घेता, शक्य असेल तर अख्खी गाडीच घ्यावी. अपघातात मागून ठोकलेली चेरोकी पुष्कळदा सुट्या इंजिनाच्या भावात मिळते, आणि तिच्याबरोबर वायरिंग, संगणक, पंप, गिअरबॉक्स, कोळशाचा डबा, रेफरीला दाखवायचे वर्ष, सगळे एकाच ठिकाणी येते. गाडी चालू करून पाहावी, सहाही सिलिंडरांचा कॉम्प्रेशन दाब मोजावा. सहांत फार तफावत असेल तर नमस्कार करून परत यावे. २०००-२००१ सालच्या चार लिटरच्या काही इंजिनांच्या हेडला, ज्यावर ०३३१ हा क्रमांक ओतलेला असतो, मधल्या दोन सिलिंडरांमध्ये चीर पडते आणि पाणी तेलात उतरते. तेलाचे झाकण उघडून आत दुधाळ साय दिसते का ते बघावे. सगळे ठीक वाटले तर टायटलचा कागद त्याच दिवशी आपल्या नावावर करून घ्यावा. उरलेला सांगाडा न्यायला भंगारवाला आला, की तो पहिल्यांदा तोच कागद मागतो.